जर्मन साहेब आमच्या बँडात

आमच्या धंद्यात माणसाचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव म्हणजे गाल. बोटं शिकवता येतात, दम वाढवता येतो, कानही सवयीनं तयार होतो. पण गाल बिघडला की बँडवाला संपला. म्हणून मी आमच्या पोरांना आधी विचारायचो, दात दुखतोय का, तोंड आलंय का. घरी सगळं क्षेम आहे ना, हे नंतर.

मी मूळचा मेढ्याकडच्या डोंगरातला. पलटणीत भरती झालो तेव्हा बंदूक हातात येईल असं वाटलं होतं, आलं क्लॅरिनेट. छाती रुंद आणि समोरचे दात सरळ, एवढ्या दोन गुणांवर सुभेदारांनी मला बँडात टाकलं. लष्कराच्या संगीतशाळेत दोन वर्षं काढली. पाच रेघांवर काळे मणी मांडलेले असतात, ते पाहून वाजवायचं, हे तिथं शिकलो. पेन्शन घेऊन आलो आणि सासुरवाडीला, पलूसला, लग्नाचा बँड काढला. आमच्या डोंगरात लग्नाला बँड कुणाला परवडणार? कृष्णाकाठी ऊस होता, तिथं परवडायचा.

घरच्यांना ते रुचलं नाही. वाजंत्री हा शब्द आमच्याकडे नुसता धंदा सांगत नाही, माणसाची बसायची जागाही सांगतो. मांडवाच्या मागे, चुलाणाच्या धुरात, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. माझ्या बँडातल्या दत्तूच्या घरात तीन पिढ्या सनई होती. त्याला ती जागा जन्मानं मिळालेली. मी मराठ्याच्या घरातला असून आपण होऊन तिथं जाऊन बसलो, याचं पाव्हण्यांना हसू यायचं. मीही काही शूर नव्हतो. कुणी विचारलं की ‘पलटणीत होतो’ एवढंच सांगायचो आणि विषय बदलायचो.

दत्तू वाजवायचा बास. बँडातलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, अंगाभोवती वेढा घालून खांद्यावर घ्यायचं, आणि तोंड डोक्याच्या वर, परातीएवढं. लोक त्याला अजगर म्हणत. दत्तू हाडकुळा. लांबून पाहिलं तर अजगरानं माणूस अर्धा गिळलाय असंच वाटायचं. त्याची एकच तक्रार असायची, की जीव तोडून फुंकलं तरी आवाज निघत नाही. मी म्हणायचो, दूध पीत जा.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात (नाव सांगत नाही, चेअरमनांचे नातू अजून ओळखीचे आहेत) जर्मनीहून नवं यंत्र आलं. ते बसवायला एक माणूसही आला. सहा फूट उंच, तांबूस, वय पन्नाशीचं. नाव हरमन. फिटर लोकांनी आठवड्यात त्याचा हणमंतराव केला, आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. इंग्रजी बेताचं, मराठी फिटरांकडून शिकलेलं, म्हणजे बायकांसमोर बोलता न येणारं.

आमची तालीम कारखान्याच्या एका रिकाम्या शेडमध्ये चालायची. एका संध्याकाळी हा दारात येऊन उभा राहिला आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला. मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आलाय. तो सरळ दत्तूपाशी गेला, बासच्या तोंडात हात घातला, कोपरापर्यंत आत नेला आणि मला इंग्रजीत म्हणाला, ‘आत काहीतरी आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यानं बास कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नेऊन सगळा खोलला. नळ्या वेगळ्या केल्या, पिस्टन तेलात बुडवले. आतून निघाल्या अक्षता. दहा वर्षांच्या लग्नांच्या पिवळ्या, तांबड्या अक्षता, ओंजळभर, घट्ट बसलेल्या. लोक नवरा-नवरीवर टाकायचे आणि निम्म्या आमच्या अजगराच्या तोंडात पडायच्या. दत्तूनं चिमूटभर अक्षता तळहातावर घेतल्या. मग म्हणाला, ‘मास्तर, दुधाचं काय बोलत हुता तुमी?’

वाद्य जोडून झाल्यावर हणमंतरावानं ते स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि वाजवलं. वर्कशॉपचे पत्रे थरथरले. तेव्हा कळलं की हा गडी आपल्या गावच्या बँडात वीस वर्षं बास वाजवतो.

त्यानंतर तो रोज यायचा. जर्मन संगीताचं जे काही ज्ञान मला आहे ते त्या शेडमधलं आहे, आणि रविवारी त्याच्या क्वार्टरमध्ये ऐकलेल्या तबकड्यांचं. जसं समजलं तसं सांगतो.

त्यांच्याकडे तीन घरं आहेत. एक खेड्यातलं संगीत. नाचायचं, पितळी वाद्यांचं. त्यात एक चाल दोन मात्रांची: बासनं ‘ऊम्’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘ता’ म्हणायचं. दुसरी तीन मात्रांची: ऊम् ता ता. मी म्हटलं हा तर आपला दादरा, तर त्यानं मान हलवली आणि मला उचलून गोल फिरवून दाखवलं. दादऱ्यात डोलायचं असतं, यात गरगर फिरायचं असतं, असा त्याचा अर्थ. आमचा बँड तोपर्यंत एकच विद्या जाणत होता. सिनेमाचं गाणं सगळ्यांनी मिळून, एकदम, जमेल तेवढ्या जोरात वाजवायचं. कुणी कुणासाठी थांबायचं हे ठाऊकच नव्हतं. हणमंतरावानं पोरांना थांबायला शिकवलं. ‘ऊम्’ला ट्रम्पेटवाल्याच्या तोंडावर तो स्वतःचा पंजा ठेवायचा आणि ‘ता’ला काढायचा. पंधरा दिवसांत पोरं पंजाशिवाय थांबायला लागली.

दुसरं घर लोकप्रिय गाण्यांचं. आपल्या सिनेमाच्या गाण्यांसारखी, पण त्यांना सिनेमा लागत नाही. घरापासून लांब गेलेला खलाशी, बंदरावर वाट पाहणारी मुलगी, असले विषय. हणमंतरावाला ती सगळी पाठ होती आणि आवडतात हे सांगायला तो लाजायचा.

तिसरं घर शास्त्रीय. तिथं हणमंतरावाचा आवाजच बदलायचा, देवळात शिरल्यासारखा. साठसत्तर वादक, पुढं काठीवाला, आणि जे वाजायचं ते दीडदोनशे वर्षांपूर्वी कुणी लिहून ठेवलंय तसंच. ऐकणाऱ्यानं वाहवा म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही. खोकला आला तर तुकडा संपेपर्यंत धरून ठेवायचा. मी पहिली तबकडी ऐकली तेव्हा मला निम्म्यात डुलकी लागली. तिसऱ्या रविवारी मात्र एका ठिकाणी सगळी तंतुवाद्यं हळूहळू खाली उतरली, एकच सनईसारखं वाद्य उरलं, आणि मी खुर्चीतून पुढं सरकलो. हणमंतराव माझ्याकडे पाहत होता. त्यानं उठून चहा ठेवला.

असं सुरळीत चाललं असताना आटपाडीचं लग्न आलं. धनगराचं मोठं घर, रविवारचा गोरज मुहूर्त. शनिवारी दत्तू गळ्याला उपरणं गुंडाळून आला. उपरणं सोडलं तर दोन्ही गाल आंब्याएवढे. गालगुंड. बासशिवाय बँड म्हणजे पायाशिवाय भिंत. मी डोकं धरून बसलो. हणमंतरावाला कळलं तेव्हा त्यानं नुसती स्वतःच्या छातीवर बोटानं टकटक केली.

दत्तूचा लाल डगला हणमंतरावाच्या कोपरापर्यंतच आला, म्हणून पांढऱ्या शर्टावरच, फक्त झालरीची टोपी घालून तो टेम्पोत बसला. आटपाडीत उतरलो तेव्हापासूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पोरं, बायका, म्हातारी माणसं टेम्पोभोवती गोळा झाली. नवरदेव घोड्यावर बसत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गोरा साहेब, आणि त्याच्या अंगाला पितळी अजगर.

मिरवणूक मारुतीच्या देवळापर्यंत जायची होती. तिथं नवऱ्यानं दर्शन घ्यायचं, मग मांडवात परतायचं. मी पुढं, मागं बँड, मागं घोडा, असा नेहमीचा क्रम. पण हणमंतरावाच्या गावी बँड संचलनासारखा चालतो, ताठ मानेनं, लांब टांगा टाकत. त्याचा ‘ऊम्’ पडायला लागला आणि सगळ्यांचे पाय त्यावर पडायला लागले. वऱ्हाडसुद्धा डावा-उजवा करत निघालं. देवळापाशी मी थांबलो, चपला काढल्या, हात जोडले. वळून पाहतो तो बँड माझ्या अंगावरून पुढं गेलेला. हणमंतरावाला देऊळ ठाऊक नव्हतं, आणि बासच्या वेढ्यातून त्याला समोरचा रस्ता सोडून काही दिसत नव्हतं. आमची पोरं बास थांबला की थांबायची, ही त्यानंच लावलेली शिस्त. तो थांबला नाही, ती थांबली नाहीत. आणि सगळं वऱ्हाड त्यांच्या मागं.

देवळासमोर उरलो आम्ही चौघं: मी, घोडेवाला, घोडा आणि घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरा. तो मला म्हणाला, ‘मास्तर, माजं लगीन तिकडं चाललंय व्हय?’

मी अनवाणी पळालो. बँड एस.टी. स्टँडात शिरला होता. विट्याची गाडी सुटायची होती, पण ड्रायव्हर खाली उतरून नाचत होता. शेवटी मी हणमंतरावाच्या पुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो, तेव्हा तो थांबला. चेहरा घामानं निथळलेला आणि इतका आनंदी की मला रागावताच आलं नाही. नवऱ्याच्या मामाला आलं. तो माझा हात धरून म्हणाला, मुहूर्त चुकला तर तुमचा बँड विहिरीत टाकीन. पण मुहूर्त चुकायची सोयच नव्हती, कारण मुहूर्त सांगणारे भटजीही स्टँडात आले होते, आणि उपरणं कमरेला बांधून ते गर्दीत सगळ्यात पुढं होते. लग्न लागलं. थोडं इकडंतिकडं झालं असेल, तर ते भटजींनाच माहीत.

ही बातमी आमच्या आधी पलूसला पोचली. मंगळवारी चेअरमनांचं बोलावणं आलं. चेअरमन आबासाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. मी ऑफिसात जाऊन उभा राहिलो, त्यांनी बसा म्हटलं नाही.

‘ह्या माणसासाठी मी दिल्लीपर्यंत खेटे घातले,’ ते शांतपणे म्हणाले. ‘आख्ख्या जिल्ह्यात असा तज्ज्ञ नाही. आणि तुम्ही त्याला आटपाडीत नेऊन वाजंत्री केलंत. त्याच्या देशात हे कळलं तर आपली काय शोभा राहिली?’

तालमीची शेड उद्यापासून बंद, कारखान्याच्या कुठल्याही कार्यक्रमाला आमचा बँड नाही, असंही सांगितलं. भागातली निम्मी लग्नं आबासाहेबांच्या शब्दावर ठरत. चौदा माणसांच्या चुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मला बोलायचं खूप होतं, पण पलटणीत साहेबासमोर गप्प उभं राहायची सवय लागते, ती पेन्शनबरोबर सुटत नाही.

तेवढ्यात हणमंतराव आत आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. त्यानं मला विचारलं, साहेब का रागावलेत? मी माझ्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, की तुम्ही बँडात वाजवलंत म्हणून त्यांना तुमची लाज वाटतेय. ते वाक्य त्याला कळेना. शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. मी तीनदा सांगितलं. मग त्यानं खिशातून पाकीट काढलं, त्यातला फोटो आबासाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एकेका माणसावर बोट ठेवत गेला. मी भाषांतर करत गेलो. हा त्यांच्या गावचा बँड. हा ढोलवाला, गावचा डॉक्टर. हा क्लॅरिनेटवाला, शाळेचा हेडमास्तर. हा पाववाला. हा मी. आणि हा पोट सुटलेला, झांजा घेतलेला, गावचा सरपंच.

आबासाहेबांनी चष्मा लावला. फोटो उचलून उजेडात धरला.

‘सरपंच?’ त्यांनी विचारलं. ‘निवडून आलेला?’

हणमंतराव म्हणाला, तीन वेळा.

आबासाहेबांनी फोटो परत दिला आणि मला म्हणाले, ‘बसा की मास्तर. उभे का?’

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या पटांगणात संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम ठेवला गेला: ‘जर्मन संगीताचा परिचय’. सभासद, कामगार, त्यांच्या घरचे, आटपाडीचं वऱ्हाडही बोलावलेलं. हणमंतराव सांगणार, मी मराठीत करणार, तबकड्या वाजणार आणि शेवटी आमचा बँड. आबासाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘झांजा मी वाजवीन.’

आधी शास्त्रीय झालं. हणमंतरावानं सांगितलं की लिहिणाऱ्यानं सगळं लिहिलेलं असतं, वादकानं पदरचं काही घालायचं नसतं. मी मराठी केलं, ‘इथं वाजवणाऱ्याला स्वतःची अक्कल चालवायला बंदी आहे.’ गर्दीतून एक रिटायर नाईक म्हणाला, म्हंजी पलटणीसारखंच, आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. पण त्या रचनेचे चार भाग होते आणि मध्ये थोडी शांतता, हे मी सांगायला विसरलो. पहिला भाग संपला, आबासाहेब आभार मानायला उठले. ‘आदरणीय’ म्हणतात तोवर दुसरा सुरू. बसले. दुसरा संपला, पुन्हा उठले. तिसऱ्याला लोकच म्हणाले, आबा, बसा, अजून हाय. चौथा खरोखर संपला तेव्हा ते उठलेच नाहीत. कुणालाच उठवेना, आणि टाळी वाजायला जरा उशीर झाला.

मग खेड्यातली गाणी. त्यांच्या दक्षिणेच्या डोंगरात गुराखी एका डोंगरावरून दुसऱ्यावर हाळी देतात, घशातून आवाज उंच फेकत, मोडत. त्याची तबकडी लागली. आटपाडीच्या नवरदेवाचे आजोबा पुढंच काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी त्यांना विचारलं, कसं वाटलं. ते विचार करून म्हणाले, ‘गळा लय चांगला हाय. पर मेंढरं ह्या आवाजाला येयाची न्हाईत. बुजतील.’ हणमंतरावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला की ते गायींसाठी आहे. म्हाताऱ्यानं मान डोलावली. गायींचं त्यांना माहीत नव्हतं.

लोकप्रिय गाणं हणमंतरावानं तबकडीवर लावलंच नाही. तो उभा राहिला आणि स्वतः म्हणाला. घर सोडून समुद्रावर गेलेल्या माणसाचं गाणं. आवाज काही गायकाचा नव्हता. मी अर्थ सांगायला सुरुवात केली: ‘नोकरीसाठी लांब गेलेला माणूस आहे, घरचं पत्र आलेलं नाही...’ समोर बसलेल्या निम्म्या बायकांचा नवरा किंवा मुलगा कुठल्या ना कुठल्या सरहद्दीवर होता. पुढचं मराठी मी केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

शेवटी बँड. दत्तू बरा झाला होता, तो बासवर. हणमंतराव ढोलावर. आबासाहेब फेटा बांधून, झांजा घेऊन मधोमध. त्यांना सांगितलं होतं की आठ मात्रांनी एकदा वाजवायचं. ते आनंद झाला की वाजवत होते, आणि त्यांना फार आनंद होत होता. हणमंतराव डोळे मिटून सहन करत होता. पण आमची पोरं शहाणी. चेअरमन वाजवतील तीच सम, असं धरून ती पुढं गेली. दोनची चाल मध्येच पाचची झाली, तीनची सातची झाली. हणमंतराव नंतर मला म्हणाला की इतकं अवघड संगीत त्यानं आयुष्यात वाजवलं नव्हतं.

यंत्र सुरू झालं आणि तो गेला. वर्षभरानं त्याचं पत्र आलं, जर्मनमध्ये. ते वाचणारा माणूस मिळेपर्यंत आणखी वर्ष गेलं. मिरजेत एका डॉक्टरांना थोडं येत होतं. त्यात लिहिलं होतं की पटांगणातल्या कार्यक्रमानंतर काढलेला आपला सगळ्यांचा फोटो त्यांच्या तालमीच्या खोलीत लावलाय, आणि आटपाडीचा एस.टी. स्टँड तो विसरलेला नाही. तुमच्या बँडाची खबर कळवा, असं शेवटी होतं. मी उत्तर लिहिलं नाही. आधी इंग्रजीची लाज, मग उशिराची लाज, मग पत्ताच सापडेना. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी चुकीचा सूर लावला असेन, पण तिथं लावलाच नाही, हे जास्त टोचतं.

एक मात्र केलं. थोरल्या मुलीला स्थळ पाहायला लागलो तेव्हा टिपणात वडिलांच्या धंद्यापुढं ‘निवृत्त सैनिक’ न लिहिता ‘बँडमास्तर’ लिहिलं. बायको दोन दिवस बोलली नाही. दोन स्थळं टिपण वाचूनच परत गेली. तिसऱ्यानं, कडेगावच्या एका मास्तरांनी, आपल्या मुलासाठी मुलगी पसंत केली आणि विचारलं, मग बँड तुमच्याकडून ना?

लग्नात मी नवरीचा बाप म्हणून फेटा बांधून मांडवात बसलो आणि आमचा बँड पहिल्यांदाच समोरून ऐकला. बाकी सगळं झकास होतं. फक्त आमचा दुसरा ट्रम्पेट पहिल्या दिवसापासून किंचित चढा लागत आलाय, हे मला तेव्हा कळलं.

अक्षता पडल्या, पानं मांडली गेली. पहिल्या पंगतीला मी बँड बसवला. चौदाजण, लाल डगल्यात, मांडवाच्या मधोमध. दत्तू उठून मागं निघाला होता, त्याला मी खांदा दाबून बसवला. पाव्हणे एकमेकांकडे पाहत होते. व्याही माझ्याजवळ आले. त्यांना राग नव्हता, साधा प्रश्न होता.

‘पाव्हणं, हे समदे जेवाय बसले. आता वाजवायचं कुणी?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मांडवात नुसता पानांचा आवाज. मी पोरांनी खुर्चीवर ठेवलेलं क्लॅरिनेट उचललं आणि पंगतीच्या टोकाला उभा राहून सुरुवात केली. व्याही पुन्हा आले, माझा हात धरून म्हणाले, ‘आवं, बसा की. तुमी नवरीचा बाप.’

फुंकताना बोलता येत नाही. मी नुसती मान हलवली आणि पोरांचं जेवण होईपर्यंत वाजवत राहिलो.